चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या : मावळातील रखवाली, पुण्याची कोतवाली आणि ‘चोरसंघ’

#धागा

१/ कल्पनारम्य कादंबऱ्यांतील आणि संगणकीय खेळांतील मध्ययुगीन नगरात तट, बाजार आणि मंदिर यांच्याइतकीच एक संस्था ठरलेली असते : चोरांचा संघ. त्याला नायक असतो, नियम असतात, गुप्त बोली असते, लुटीच्या वाटण्या ठरलेल्या असतात आणि नगराच्या अधिकाऱ्यांशी त्याचा आतून समझोता असतो. असा संघ इतिहासात खरोखर होता काय? या धाग्यात या प्रश्नाचा शोध महाराष्ट्रापुरता, त्यातही गुंजण मावळ, भोर आणि पुणे या टापूपुरता घ्यायचा आहे.

२/ आपल्याकडच्या कागदपत्रांत चोरांची स्वतंत्र ‘श्रेणी’ दिसत नाही. दिसते ती याहून गुंतागुंतीची व्यवस्था. ज्याची भीती त्याच्याच हाती पहारा सोपवायचा, त्याबद्दल त्याला धान्य आणि जमीन द्यायची आणि चोरी झालीच तर भरपाईही त्याच्याकडूनच घ्यायची. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण आपण मूर्खपणाचे उदाहरण म्हणून वापरतो. काही शतके मात्र हीच आपली विचारपूर्वक स्वीकारलेली व्यवस्था होती.

३/ प्रारंभ गुंजवणे गावापासून करणे सोयीचे. पूर्वीच्या वेल्हे, म्हणजे आजच्या राजगड तालुक्यातील हे गाव राजगडाच्या पायथ्याशी वसले आहे. शिवकाळात हा प्रदेश गुंजण मावळ म्हणून ओळखला जाई आणि सिलिमकर हे त्याचे देशमुख. गावातून गडावर चढणारी एक वाट पद्मावती माचीवरील ‘चोर दरवाजा’तून आत जाते. हा दरवाजा चोरांनी केलेला नाही, राज्यानेच बांधलेला आहे. राजमार्ग बंद झाला तर राज्यालाही एक आडवाट लागते, हे त्या बांधकामातच गृहीत आहे.

४/ गडाची राखण केवळ तटावरच्या शिबंदीने होत नसे. गडाच्या पोटाशी, घेऱ्यात, ‘मेटे’ म्हणजे पहाऱ्याच्या वस्त्या असत. रान, वाटा, पाणवठे आणि खिंडी यांची पिढीजात माहिती असलेले लोक तेथे बसवले जात. रामोशी, कोळी, महार, बेरड, परवारी अशा समाजांकडे ही कामगिरी असे. मोबदल्यात जमिनीचा तुकडा, धान्य आणि पिढ्यान्पिढ्या चालणारा हक्क मिळे. रात्रीच्या अंधारात डोंगर उतरता येणे, हे येथे गुणवत्तेचे लक्षण होते.

५/ हीच रचना गावपातळीवरही होती. पुणे, सातारा या भागांत गावाचा राखणदार बहुधा रामोशी असे. खानदेशात भिल्ल ‘जागल्या’ म्हणून हे काम करीत. इतरत्र महार, मांग, कोळी करीत. रात्री गस्त घालणे, परक्यावर नजर ठेवणे, कोण कोठे जातो-येतो याची पाटलाला खबर देणे, ही राखणदाराची कामे. सुगीत त्याला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. काही ठिकाणी इनाम जमीनही असे.

६/ या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘माग’. चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की पलीकडच्या गावच्या राखणदाराला बोलावून तो त्याच्या स्वाधीन करायचा. मग जबाबदारी त्या गावाची. असा माग गावोगाव पुढे सरकत राही आणि जेथे तो हरवे, त्या गावावर चोरीचे उत्तरदायित्व येई. चोरी भरून देण्याचा बोजा आधी राखणदारावर आणि त्याला न झेपल्यास गावावर पडे.

७/ यातील हिशेब सरळ आहे. राखणदाराला आपल्या गावात चोरी होऊ देणे परवडत नसे, कारण ती त्याच्याच गळ्यात पडे. शेजारच्या गावचा राखणदार अनेकदा त्याचा सोयरा असे, त्यामुळे माल कोठे गेला याचा सुगावा लागणेही त्यालाच सोपे जाई. गावाच्या दृष्टीने राखणदाराचे बलुते म्हणजे एक प्रकारचा विमाच. पोलीस, न्यायाधीश आणि विमेदार या तिन्ही भूमिका एकाच घोंगडीत गुंडाळलेल्या होत्या.

८/ याची दुसरी बाजूही होती. ज्या गावाने राखणदाराचा हक्क बुडवला किंवा त्याला काढून टाकले, ते गाव उघडे पडे. मग तेथे रात्री कोण येई, हे उघड गुपित असे. म्हणजे रखवालीचे धान्य हा श्रमाचा मोबदला होता की न लुटण्याची किंमत, याचे एकच एक उत्तर देता येत नाही. ते गावागणिक आणि काळागणिक बदलत असे. रखवाली आणि खंडणी यांच्यातील सीमारेषा नदीच्या काठासारखी होती. पावसाळ्यात ती सरके.

९/ ही केवळ महाराष्ट्राची गोष्ट नव्हे. तमिळ प्रदेशात कल्लर आणि मरवर समाजांकडे ‘कावल’ म्हणजे राखणीचा हक्क होता. चोरीस गेलेले जनावर शोधून देण्याबद्दल तेथे वेगळी रक्कमही घेतली जाई. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील ग्रीक इतिहासकार डायोडोरस इजिप्तविषयी लिहितो, की तेथे चोर आपली नावे चोरांच्या मुख्याकडे नोंदवीत. ज्याचा माल गेला असेल त्याने मुख्याकडे जावे, किमतीचा चौथा हिस्सा द्यावा आणि माल परत न्यावा, अशी रीत होती. चोरसंघाच्या कल्पनेचा हा बहुधा सर्वांत जुना लिखित पूर्वज.

१०/ ‘चौथा हिस्सा’ हे शब्द मराठी वाचकाच्या कानाला ओळखीचे वाटतील. दमणच्या पोर्तुगीजांच्या गावांना उपद्रव देऊ नये म्हणून रामनगरचा राजा त्यांच्याकडून चौथ घेत असे. पोर्तुगीज त्याला ‘चौथिया’ म्हणत. रामनगर जिंकल्यावर शिवाजी महाराजांनी त्याच हक्कावर दावा सांगितला आणि पुढे चौथ हा मराठी राज्यव्यवहाराचा एक आधारस्तंभ झाला. गावच्या राखणदाराचे बलुते आणि राज्याची चौथ यांच्यात आकाराचा फरक आहे. तर्क मात्र एकाच जातीचा आहे.

११/ चार्ल्स टिली या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ मध्ये एक निबंध लिहून युरोपीय राज्यांच्या घडणीची तुलना थेट संघटित गुन्हेगारीशी केली. संरक्षण विकणारा स्वतःच धोका निर्माण करीत असेल, तर ते संरक्षण कसले, हा त्याचा प्रश्न. टिलीने युरोपाविषयी लिहिले, तरी मावळातल्या पाटलाला तो प्रश्न परका वाटला नसता. मात्र मावळात एक बंधन होते : राखणदाराला भरपाई द्यावी लागे. लुटणाऱ्या राज्याला ती कोणी मागू शकत नव्हते.

१२/ आता गावातून शहराकडे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे ही पेशव्यांची राजधानी होती. व्यापारी, शिपाई, याचक, सावकार, वकील आणि हेर यांची सतत ये-जा. येथे गावच्यासारखा माग काढणे अशक्य, कारण रस्त्यावर हजारो पावले उमटलेली. म्हणून शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे. चोरांचा तपास, रात्रीची गस्त, परक्यांची नोंद, बाजारावर देखरेख, जुगारासारख्या गोष्टींवर नजर, असे त्याच्या अधिकाराचे क्षेत्र विस्तृत होते.

१३/ मराठ्यांच्या चाकरीत असलेला विल्यम हेन्री टोन हा आयरिश लष्करी अधिकारी पुण्याच्या बंदोबस्ताचे वर्णन करतो. रात्री ठरलेल्या वेळी तोफ होई. त्यानंतर रस्त्यावर सापडणाऱ्याला पकडून सकाळपर्यंत अटकेत ठेवीत. खुद्द पेशव्यालाही अवेळी बाहेर पडल्याबद्दल एकदा रात्रभर अडकवून ठेवले होते, अशी गोष्ट टोनने नोंदवली आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, कोतवालीच्या दराऱ्याबद्दल लोक काय बोलत होते, हे तीतून कळते.

१४/ या दराऱ्यामागे माणसे कोणती होती? १८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात याचे उत्तर आहे. पुण्याच्या कोतवालाला महिना ९,००० रुपये मिळत. त्यातून त्याने प्यादे, काही घोडेस्वार आणि बऱ्याच संख्येने रामोशी पदरी ठेवायचे. चोरीस गेलेल्या मालाची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे गावच्या रखवालीचेच तत्त्व शहराच्या मापाने शिवलेले.

१५/ एल्फिन्स्टन पुढे जे सांगतो ते अधिक बोलके आहे. जबाबदारी एवढी असूनही कोतवाली ही किफायतशीर जागा समजली जाई. शिबंदीला पगार अल्प दिला जाई आणि कोतवाल व त्याची माणसे लाच आणि इतर मार्गांनी मोठ्या रकमा काढीत. राजधानीत ‘संघटित गुन्हेगारी’ शोधायची असेल, तर अंधाऱ्या बोळाआधी कोतवाल चावडीचा उंबरठा पाहावा लागतो.

१६/ त्या उंबरठ्यावरचे सर्वांत कुप्रसिद्ध नाव घाशीराम सावळदास. औरंगाबादेकडून आलेला हा कनोजा ब्राह्मण १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला आणि नाना फडणीसांच्या विश्वासावर सुमारे चौदा वर्षे त्या पदावर राहिला. शहरातील खडान्‌खडा माहिती त्याच्याकडे येई. जेथे राजकीय कारस्थानांची धास्ती कायम असते, तेथे अशा माणसाच्या दंडेलीकडे काणाडोळा होतो. घाशीरामाच्या बाबतीत तो झाला.

१७/ ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी आलेल्या काही तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या बागेतील फळे तोडल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले आणि एका अरुंद, कोंदट जागेत कोंडण्यात आले. दार उघडले तेव्हा त्यांतील वीसहून अधिक जण गुदमरून मेले होते. शहरात संतापाचा डोंब उसळला. जमावाने न्याय मागितला आणि अखेर नानांना आपला कोतवाल लोकांच्या स्वाधीन करावा लागला. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी घाशीरामाची धिंड काढून त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले.

१८/ या प्रकरणावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक रंगमंचावर आले. त्यामुळे घाशीराम सर्वांना माहीत आहे. मात्र इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. बागेतील फळांची ‘चोरी’ हा गुन्हा ठरवणारा, तक्रार करणारा, पकडणारा आणि शिक्षा देणारा एकच इसम होता. चोर कोण, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याला चोरी करण्यासाठी अंधाराची गरज उरत नाही.

१९/ युरोपातही अशी माणसे होती. लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड स्वतःला चोर पकडणाऱ्यांचा सरदार म्हणवून घेई. प्रत्यक्षात चोर त्याच्याच टोळीचे. मालकाकडून बक्षीस घेऊन तो माल परत मिळवून देई आणि ऐकणार नाही त्या चोराला फाशीकडे पाठवी. २४ मे १७२५ रोजी तो स्वतः फासावर गेला. पॅरिसमध्ये विडॉक हा पूर्वाश्रमीचा कैदी १८१२ च्या सुमारास गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला. चोर आणि पहारेकरी यांची अदलाबदल ही पौर्वात्य विकृती होती, असे म्हणायला म्हणूनच जागा नाही.

२०/ घाशीरामाच्या वधानंतर आठवड्याभराने, ७ सप्टेंबर १७९१ रोजी, पुरंदरच्या पायथ्याशी भिवडी गावात दादाजी नाईक यांच्या घरी एक मुलगा जन्मला : उमाजी. घराण्याकडे पुरंदरच्या राखणीची परंपरा. ‘नाईक’ हे येथे केवळ आडनाव नव्हे. तो पहाऱ्याच्या तुकडीचा प्रमुख असे. हा मुलगा मोठा झाला तेव्हा त्याच्यासमोर राखायला किल्लाही उरणार नव्हता आणि हक्क मागायला पेशवाईही.

२१/ १८१८ मध्ये कंपनी सरकार आले. गडांवरच्या शिबंद्या उतरवल्या गेल्या, अनेक गडांच्या वाटा आणि तट उद्ध्वस्त केले गेले. पिढीजात हक्कांना आता लेखी पुरावा हवा होता. ज्या हक्काचा पुरावा खळ्यावरच्या धान्याच्या राशीत आणि गावाच्या आठवणीत होता, तो कचेरीत टिकेना. चोरीची जबाबदारी सामूहिक न राहता आरोपीवर व्यक्तिशः सिद्ध करावी लागू लागली. न्यायाच्या दृष्टीने हे पुढचे पाऊल होते. राखणदाराच्या चुलीच्या दृष्टीने तो अंत होता.

२२/ नव्या राज्याने राखणदाराला काम उरू दिले नाही, परंतु त्याच्याविषयीचा संशय मात्र जसाच्या तसा वारसाहक्काने घेतला. पूर्वी संशय आणि हक्क ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. आता नाण्याचे एक अंग घासून गेले. पुरंदर, भोर, सासवड या भागांतील रामोशांच्या १८२० च्या दशकातील उठावाची मुळे येथे आहेत.

२३/ या उठावाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्याचा मोठा भाग कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याच्या १८३३ मध्ये मुंबईत छापलेल्या पुस्तकातून येतो. रामोशांमधील चव्हाण आणि जाधव ही दोन मुख्य कुळे, नाईकाचा मान, खंडोबाच्या भंडाऱ्यावर घेतलेली शपथ आणि बऱ्याच अंशी तेलुगूतून आलेल्या शब्दांची आपसांतील बोली, हे सारे तो नोंदवतो. नायक, शपथ, गुप्त बोली : वरवर पाहता हा कादंबरीतला चोरसंघच.

२४/ पण येथे साधनचिकित्सा आवश्यक आहे. मॅकिंटॉश हा उमाजीच्या पाठलागावर नेमलेला अधिकारी. कुळे प्रत्येक जातीत असतात. भंडारा उचलून शपथ घेणारे जेजुरीचे भक्त महाराष्ट्रात लक्षावधी आहेत. धंद्याची आपली बोली सोनारांना, दलालांना आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनाही असते. व्यापारी हाताच्या रुमालाखाली बोटांनी भाव ठरवतात, त्याला कोणी गुन्हेगारी संघटना म्हणत नाही. तीच लक्षणे रामोशांत दिसली, की त्यांचा ‘संघ’ होतो. वर्णन खरे असूनही निष्कर्ष पाठलाग करणाऱ्याचा असू शकतो.

२५/ उमाजीला तरुणपणी तुरुंगवास घडला आणि तेथे तो लिहावाचायला शिकला, असे सांगितले जाते. सुटल्यावर त्याची कारकीर्द झपाट्याने वाढली. सावकारांवर आणि सरकारी खजिन्यावर दरोडे, गावांकडून वसुली आणि खबर देणाऱ्यांना कठोर शिक्षा. या हिंसेचे चटके केवळ साहेबालाच बसले नाहीत. ते गावच्या पाटलाला, कुळकर्ण्याला आणि कित्येकदा साध्या रयतेलाही बसले. वीरगाथेच्या भरात हे विसरता कामा नये.

२६/ भूगोल त्याच्या बाजूने होता. पुणे जिल्हा कंपनीचा, दक्षिणेला साताऱ्याच्या छत्रपतींचे राज्य, मधे भोरच्या पंत सचिवांची जहागीर आणि पश्चिमेला घाट उतरला की कोकण. एका अंमलातून दुसऱ्यात जायला एक खिंड पुरे. पूर्वी माग शिवेवरून पुढच्या गावाच्या हाती दिला जाई. आता शिवेवर माग तुटत असे, कारण पलीकडे हुकूम दुसऱ्याचा. जुनी व्यवस्था मोडल्याचा सर्वाधिक लाभ, उपरोधाने, तिच्याच जुन्या पहारेकऱ्याला झाला.

२७/ त्याला पकडणे जमेना, तेव्हा १८२८ च्या सुमारास सरकारने जुनाच मार्ग धरला. उमाजीला माफी देण्यात आली आणि त्याच्याकडेच बंदोबस्ताची चाकरी सोपवण्यात आली. ज्या रीतीला नव्या राज्यकर्त्यांनी मागासलेली ठरवले, तीच दहा वर्षांत त्यांना स्वीकारावी लागली. मात्र जुन्या रीतीत राखणदार गावाला बांधलेला असे आणि गाव त्याला. येथे दोन्ही पक्ष एकमेकांवर केवळ नजर ठेवून होते. असा करार फार काळ टिकत नाही.

२८/ तो टिकला नाही. उमाजी पुन्हा डोंगरात गेला. फेब्रुवारी १८३१ मध्ये त्याच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यात लोकांनी इंग्रजांची चाकरी सोडावी, त्यांना सारा देऊ नये, अशा आज्ञा होत्या. खंडणी मागणारा चिठ्ठी पाठवतो, जाहीरनामा काढत नाही. ही भाषा राज्य मागणाऱ्याची आहे. त्या भाषेमागे किती योजना आणि किती धमक होती, यावर अभ्यासक वाद घालू शकतात. ती भाषा वापरली गेली, हे नाकारता येत नाही.

२९/ सरकारने बक्षिसे वाढवली, मॅकिंटॉशला पाठलागावर नेमले आणि उमाजीच्या जवळच्या माणसांना फोडले. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रोळी गावात तो पकडला गेला. डोंगर, खिंडी आणि सैन्य यांच्याशी झुंजलेला माणूस ओळखीच्या माणसांच्या भरवशावर सापडला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आले. त्या वेळी त्याचे वय चाळीस होते.

३०/ उमाजीचे स्मरण दोन प्रकारे झाले. गॅझेटियरांच्या पानांवर तो दरोडेखोर राहिला. महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत तो ‘आद्य क्रांतिवीर राजे उमाजी नाईक’ झाला. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने अशा व्यक्तींसाठी ‘सामाजिक दरोडेखोर’ ही संकल्पना मांडली : सत्तेच्या लेखी गुन्हेगार, आपल्या माणसांच्या लेखी नायक. उमाजीला ती बरीचशी लागू पडते. पण तिच्यात एक गोष्ट मावत नाही. उमाजी गुन्हेगार ठरण्यापूर्वी, आणि मध्यंतरी पुन्हा एकदा, अधिकृत पहारेकरी होता.

३१/ १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात बंडाचा झेंडा उभारला, तेव्हा त्यांच्याबरोबर दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशी साथीदार होते. धामारीपासून सुरू झालेली ही मोहीम त्याच वर्षी मे महिन्यात दौलतरावांच्या मृत्यूने खचली आणि जुलैत फडके पकडले गेले. फडके एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वारले. रानवाटांचे ज्ञान, जे एके काळी गडाच्या घेऱ्यात नेमणुकीची पात्रता होते, ते आता राजद्रोहाचे साधन मानले जाऊ लागले होते.

३२/ याच काळात सरकारी विचार एका भयंकर टप्प्यावर पोहोचला. ठगांविरुद्धच्या मोहिमेतून ‘गुन्हा हा काही जातींचा वंशपरंपरागत धंदा आहे’ ही कल्पना रुजली होती. १८७१ मध्ये तिचा कायदा झाला : गुन्हेगार जमाती कायदा. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आणली. नोंद झालेल्या जमातीत जन्मलेल्या माणसाने हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तर कुटुंबेच्या कुटुंबे कुंपणाच्या आत, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवली गेली.

३३/ चोरसंघाची खरीखुरी, नोंदवही असलेली आवृत्ती अखेर अस्तित्वात आली ती येथे, आणि ती सरकारने निर्माण केली. डायोडोरसच्या इजिप्तमध्ये चोर आपण होऊन नाव नोंदवीत. हिंदुस्थानात सरकार तान्ह्या मुलांनाही जन्मतःच त्या यादीच्या सावलीत ढकलत होते. ज्यांच्या आजोबांचा हक्क ‘लेखी पुरावा नाही’ म्हणून बुडाला होता, त्यांच्या नातवंडांचा कलंक मात्र पक्क्या शाईने लिहिला गेला.

३४/ हा कलंक आतून कसा दिसतो, हे समजण्यासाठी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन महत्त्वाचे. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोट, पोलीस आणि चोरी यांची तेथे दिसणारी साखळी पाहिली, की कल्पित कादंबरीतल्या चोरसंघाचा दिमाख गळून पडतो. नायक, गुप्त कोठार, सोन्याच्या राशी यांपैकी काहीच तेथे नाही. दुसरे काम मिळू न देणारे गाव आणि न केलेल्या चोरीसाठीही दार ठोठावणारी चौकी तेवढी आहे.

३५/ म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येते. चोरांची संघटना ही पहाऱ्याच्या संघटनेची छाया आहे. पहारा देणाऱ्याला जोवर हक्क, मोबदला आणि गावाशी बांधणारी जबाबदारी होती, तोवर त्याच्या शपथेला आणि बोलीला कोणी कट म्हणत नव्हते. हक्क गेला, जबाबदारी गेली, आणि त्याच शपथेचा, त्याच बोलीचा अर्थ बदलला. दुसरीकडे, कोतवालासारख्या अधिकाऱ्याकडे अधिकार राहिला पण कोणाला उत्तर देणे उरले नाही, तेव्हा टोळी चावडीतच भरली.

३६/ जुन्या रखवालीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. ती जातीवर उभी होती. राखणदाराच्या मुलाला दुसरे काही होण्याची मुभा तिने दिली नाही, आणि निरपराध राखणदारालाही दुसऱ्याच्या चोरीची भरपाई करावी लागे. तरीही तिच्यात एक व्यवहारज्ञान होते : ज्याची भीती वाटते, त्याला व्यवस्थेबाहेर ढकलण्यापेक्षा तिच्यात वाटा द्यावा. १८७१ च्या कायद्याने यातील जात तेवढी ठेवली आणि वाटा काढून घेतला.

३७/ स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. घाशीराम कोतवालाच्या वधाचीही तारीख हीच, मधे १६१ वर्षांचे अंतर. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून अर्थ काढू नये. मात्र महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आजही आहे, आणि दरवर्षी ३१ ऑगस्टला ‘विमुक्त दिन’ पाळला जातो तो या कायद्याच्या आठवणीने. कोणाच्या पूर्वजांनी गडाच्या घेऱ्यात रात्री जागून काढल्या, हेही त्या दिवशी सांगितले जावे.

(धागा समाप्त)